केरबाच्या रानाची नोंद

एका गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव केरबा. गावात शहाणेही पुष्कळ होते, पण ते दिवसभर पारावर बसून खोकायचे. त्यांची काय गोष्ट होणार? म्हणून केरबाचीच सांगतो.

केरबाचं ओढ्याकाठी रान होतं. काळंभोर, बारमाही ओलीचं. कसायचा केरबा, पण सरकारच्या कागदावर मालक होता त्याचा आजा. आजा कधीच गेला. मागोमाग बापही गेला. नाव लावून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही. रान मेलेल्याच्या नावावर आणि घाम जित्याचा, असा कारभार चालला होता. गावात याला जुनी रीत म्हणतात.

केरबाची बायको हौसा. ती एक दिवस म्हणाली, "अहो, रानावर तुमचं नाव लावून घ्या. नाव लागलं तर विहिरीची योजना मिळंल. पीक वाहून गेलं तर भरपाई मिळंल. नाही तर अण्णा एक दिवस सगळं रान गिळतील, आणि आपण ओढ्यात बसू."

अण्णा म्हणजे केरबाचे चुलत चुलते. त्यांचं रान शेजारीच. दर नांगरटीला ते मधला बांध थोडासा केरबाकडे सरकवायचे. नावाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली तसे ते समजावायला आले.

"लेका केरबा, कागद कशाला? कागद म्हटलं की हेलपाटे आले, चहापाणी आलं, भावकीत वाकडं आलं. आपला शब्द आहे की!"

हेलपाट्यांचं आणि चहापाण्याचं ते खरंच बोलले. म्हाताऱ्यांची ही जुनी युक्ती. अर्धं खरं सांगायचं, म्हणजे उरलेलं अर्धं कुणी तपासत नाही.

केरबा तलाठ्याकडे गेला.

"भाऊसाहेब, ओढ्याकाठचं रान माझं आहे. माझं नाव लावा."

तलाठी म्हणाला, "तू म्हणतोस म्हणून तुझं होतं का? आपल्या तोंडानं सांगितलेलं चालत नाही. चार वडीलधारी माणसं आण. ती सांगतील ते खरं."

"बरं," केरबा म्हणाला. "आपल्या तोंडानं सांगायचं नाही. चार माणसं आणायची."

आणि घरी आला. हौसा भाकरी थापत होती.

"भूक लागली का?" तिनं विचारलं.

केरबानं तोंड उघडलं, आणि मिटलं. तसाच मागे फिरला. पारावर गेला आणि चार म्हातारे घेऊन आला.

"हे काय?" हौसा म्हणाली.

"मला भूक लागलीय का नाही, ते हे सांगतील."

चौघांनी केरबाच्या पोटाकडे बघितलं. पहिला म्हणाला, "पोट खपाटीला गेलंय. लागली असावी." दुसरा म्हणाला, "याच्या बापालाही याच वेळेला लागायची. आमच्या डोळ्यांदेखतची गोष्ट." तिसरा म्हणाला, "आधी कालवण काय आहे ते बघू. मग बोलू." चौथा काहीच बोलला नाही. तो पाटावर बसला होता.

भाकरी संपल्या. कालवण संपलं. चौघांनी एकमुखानं सांगितलं, केरबाला भूक लागली आहे. मग मिशा पुसत तलाठ्याकडे गेले आणि रान केरबाचं आहे हेही सांगून आले. उपाशीपोटी गेले असते असं वाटत नाही.

काम तर झालं. तलाठ्यानं नोंद धरली, चावडीवर नोटीस लावली, मोजणीचा अर्जही पुढे धाडला. पण हौसाच्या पोटात आग पडली होती.

"अहो, अशानं घर बसंल! कुणी आलं की आधी दार लावायचं. आतूनच सांगायचं, काही शिल्लक नाही, पुढच्या खेपेला या."

"बरं," केरबा म्हणाला. "दार लावायचं. काही शिल्लक नाही. पुढच्या खेपेला या."

हौसा आठवड्याच्या बाजाराला गेली, आणि नेमके मोजणीवाले साहेब आले. शिपायाच्या खांद्यावर यंत्र. दोघंही घामाघूम.

केरबानं दार लावलं.

"केरबा! रान मोजायला आलोय. बाहेर ये, हद्द दाखव."

"काही शिल्लक नाही," आतून आवाज आला.

"अरे, रान आहे का नाही?"

"होतं. संपलं."

"रान कसं संपतं?"

"चार जण आले होते. पुढच्या खेपेला या."

साहेबांनी शिपायाकडे बघितलं. शिपायानं आभाळाकडे बघितलं. साहेबांनी कागदावर लिहिलं, अर्जदारानं हद्द दाखवली नाही. आणि गेले. पुन्हा नंबर कधी लागणार, ते साहेबांनाही माहीत नव्हतं.

हौसा परतली. कपाळाला हात लावून बसली.

"अहो, रानाच्या कामाला आलेला माणूस तो! त्याला असं हाकलतात का? सावलीत बसवायचं. चहा द्यायचा. गोड बोलायचं. साहेब, सगळं आपलंच समजा, होऊ द्या तुमच्या मनासारखं, असं म्हणायचं."

"बरं," केरबा म्हणाला. "सावली. चहा. सगळं आपलंच समजा."

मोजणी झाली नाही ही बातमी अण्णांना पारावर कळली. हद्दीचे दगड रोवले नाहीत म्हणजे हद्द नाही, असा त्यांनी सोयीचा अर्थ काढला. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घेऊन आले. बांध फोडला. ट्रॅक्टर थेट केरबाच्या हरभऱ्यात.

केरबा धावत आला.

"अण्णा, ट्रॅक्टर थांबवा!"

अण्णा जरा चरकले. "का रं?"

"आधी सावलीत बसा."

केरबानं घोंगडं अंथरलं. घरी जाऊन चहा आणला, आलं घालून. अण्णांच्या हातात कप दिला आणि हात जोडून म्हणाला, "सगळं आपलंच समजा. होऊ द्या तुमच्या मनासारखं."

अण्णांना ठसका लागला. अख्खी हयात घालवून त्यांनी बांध वीतवीत सरकवला होता. अख्खं रान असं कपबशीबरोबर हातात येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. "ऐकलंस ना रं, काय म्हणाला ते?" मग आणखी अर्धा कप मागितला.

हौसाला कळलं तेव्हा ती रडलीच. हरभरा गेला होता आणि रानही चाललं होतं. मग तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"आता नीट ऐका. आपलं रान कुणीही घ्यायला लागलं, तर चहा नाही, पाणी नाही. ताडकन उठायचं. मोठ्यानं म्हणायचं, माझी हरकत आहे! माणूस घरचा का दारचा, बघायचं नाही. वयानं मोठा असला तरी दबायचं नाही. आणि का म्हणून विचारलं, तर जे खरं ते सांगायचं."

"बरं," केरबा म्हणाला. "ताडकन उठायचं. माझी हरकत आहे. जे खरं ते सांगायचं."

नोंद मंजूर व्हायचा दिवस आला. मंडळ अधिकारी चावडीत आले. तलाठ्यानं हौसाला सांगून ठेवलं होतं, "बाई, चहाच्या कपावर दिलेलं रान जात नाही. आज कुणी हरकत घेतली नाही, की झालं तुमचं काम. घेतली, तर मात्र प्रकरण तहसीलला."

म्हणून हौसा मुद्दाम अण्णांच्या मागे जाऊन बसली. अण्णा उठले तर काय बोलायचं, ते तिनं घोकून ठेवलं होतं. तिनं अण्णांवरची नजर हलवली नाही. दुसऱ्या कुणावर नजर ठेवावी, असं तिला वाटलंच नाही.

साहेबांनी वाचलं, "ओढ्याकाठचं रान. मूळ मालक मयत. आजपासून हे रान केरबाच्या नावे जाईल. कुणाची हरकत?"

अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा कटकन वाजला. अण्णा अर्धे उठले, हौसा पुरती उठली. पण त्या दोघांच्याही आधी एक जण ताडकन उभा राहिला.

"माझी हरकत आहे!"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव काय तुझं?"

"केरबा."

"आणि हरकत कुणावर?"

"केरबावर."

"म्हणजे तुझ्यावरच?"

"माणूस घरचा का दारचा, बघायचं नाही."

हौसा ओरडली, "साहेब, त्यांचं ऐकू नका हो!"

तिच्यावर म्हातारे खेकसले, "ए, गप बस! चावडीत बाईमाणसानं बोलायचं नसतं. गडीमाणूस बोलतोय ना?"

"हरकतीचं कारण सांग," साहेब म्हणाले.

केरबानं घसा साफ केला. "साहेब, हा केरबा माणूस वाईट नाही. पण भोळा आहे. सरकारी माणूस मोजायला आला, तर यानं दार लावून घेतलं. परवा तर अण्णांना चहा पाजला आणि सगळं रान देऊन टाकलं. अशाच्या नावावर रान केलं तर टिकंल का? तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "आज पहिल्यांदा शहाण्यासारखा बोलला," एक जण म्हणाला. अण्णा हळूच खाली बसले. त्यांना आता उठायची गरज उरली नव्हती.

साहेबांनी लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं.

"हरकत आली. नोंद थांबली. प्रकरण तहसीलला जाईल. तारखेला दोन्ही बाजूंनी हजर राहायचं. अर्जदार केरबा. हरकतदार केरबा. समजलं?"

केरबानं मान हलवली. मग हात वर केला.

"साहेब, आमच्यात तसं भांडण काही नाही. आम्ही दोघं एकाच एसटीनं आलो तर चालंल ना?"