लाल रेघेखालचं पत्र

मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, कुणी धापा टाकत तुमच्या दारात आलं आणि म्हणालं, "माझ्या पायाखालची जमीन सरकली हो!" तर तुम्ही आधी कुठे बघाल? त्याच्या तोंडाकडे की त्याच्या पायांकडे?

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात एक आचार्य होते. शब्दांचे सगळे अलंकार त्यांना पाठ होते. राजाही काव्याचा भुकेला. प्रजेची रडगाणी ऐकून तो कंटाळला होता, म्हणून त्याने नियमच करून टाकला होता. येणारं प्रत्येक पत्र आधी आचार्यांनी वाचायचं, जिथे अलंकार दिसेल तिथे गेरूची लाल रेघ ओढायची, आणि राजापुढे फक्त लाल रेघांचा मजकूर वाचायचा.

एका सकाळी, भर पावसाची झड चालू असताना, डोंगरातल्या वाडीवरून एक म्हातारी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. छातीशी धरलेलं पत्र तेवढं कोरडं होतं.

आचार्यांनी पत्र उघडलं.

"महाराज, आमचा डोंगर जागा झाला आहे. पोटात गुरगुरतो. जमिनीनं तोंड उघडलं आहे, ते रोज मोठं होतं. विहीर लाल रडते. झाडं वाकून वाडीकडे बघतात. आम्हाला खालच्या कुरणात उतरू द्या."

ते कुरण राजाच्या घोड्यांचं होतं. तिथे कुणाची झोपडी दिसली की शिपाई ती जाळून टाकत.

पण आचार्यांचे डोळे शेवटच्या ओळीवर थांबलेच नाहीत. "अहाहा!" ते म्हणाले. "चेतनागुणोक्ती! निर्जीव डोंगराला माणसासारखं जागं केलं. विहिरीला रडवलं. आजी, एवढे अलंकार तुमच्या वाडीत कुठून आले?"

"अलंकार?" म्हातारीने मोकळे हात पुढे केले. "ते असते तर मोडून गाड्या केल्या असत्या, गुरुजी, आणि घरं उचलून नेली असती. दिसलं ते आम्ही सांगितलं, जावयानं लिहून घेतलं."

मग तिने कनवटीची एक काथ्याची दोरी काढली. दोरीला ओळीने गाठी मारलेल्या होत्या. "ही पण महाराजांना दाखवा. रोज सकाळी आम्ही ही..."

"समजलं, समजलं!" आचार्य आनंदाने म्हणाले. "गाठ म्हणजे दुःख. पत्राला दुःखाची दोरी! याला म्हणतात प्रतीक." आणि पत्राची गुंडाळी करून त्यांनी तीच दोरी त्या गुंडाळीवर बांधली.

दुपारी दरबार भरला. आचार्यांनी लाल रेघा वाचल्या. डोंगर गुरगुरला, विहीर रडली, झाडं वाकली. दरबार 'वाहवा, वाहवा' करत डोलू लागला. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून म्हातारीपुढे धरलं.

"कडं नको, महाराज," ती म्हणाली. "कुरणाचं काय ते सांगा."

राजाने आचार्यांकडे पाहिलं. "कुरणाचं काय?"

"शेवटी एक ओळ आहे, महाराज. साधा मजकूर आहे. त्यात अलंकार नाही."

"मग पुढच्या दरबारात बघू."

"महाराज, डोंगर खरंच सरकतोय हो!"

राजा खळखळून हसला. "आचार्य, हिची वाणी तर थांबतच नाही!"

म्हातारी दरबाराबाहेर आली. आचार्य मागोमाग आले. त्यांना तिचं मनापासून कौतुक वाटत होतं. ते म्हणाले, "आजी, पाऊस फार आहे. आज धर्मशाळेत राहा."

"नातवंडं तिकडं हाईत माझी." तिने पदर डोक्यावर घेतला. "गुरुजी, तुम्ही आमचं पत्र नीट वाचलंत ना?"

"शब्द न् शब्द."

"बरं मग. येते."

दिवेलागणीला आचार्य ते पत्र जपून ठेवायला बसले. दोरी सोडली आणि सहज बोटांवर सरळ केली. दोरीचं टोक आणि पहिली गाठ यांत एका बोटाचं अंतर होतं. दुसरी गाठ दोन बोटांवर. पुढे गाठी लांब लांब होत गेल्या होत्या. शेवटच्या दोन गाठींमध्ये तर पुरी वीत होती. 'रोज सकाळी आम्ही ही...' म्हातारीचं अर्धं राहिलेलं वाक्य त्यांच्या कानात आपोआप पुरं झालं. रोज सकाळी ही दोरी जमिनीच्या भेगेवर ताणतो, आणि भेग जिथं संपते तिथं गाठ मारतो.

दुःखाला कुणी असं वितीने मोजत नाही. रूपकाला माप नसतं.

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, या वेळी लाल रेघा बोटाने झाकून. एकही शब्द सजवलेला नव्हता.

ते तसेच अनवाणी राजाकडे धावले. दोरी पायाशी टाकली. "महाराज, मी आंधळा आहे. कुरण द्या." राजाने दोरीकडे पाहिलं, आणि या वेळी तो हसला नाही. परवानगीवर शिक्का उमटला. आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेले आचार्य चिखलातून डोंगराकडे निघाले.

वाटभर त्यांच्या मनात जे घोळत होतं, तेच मी तुम्हाला सांगते. लिहिणाऱ्याने शब्द कसे सजवले हे पाहण्याआधी, त्याला काय सांगायचं आहे हे ऐकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य पायथ्याशी पोचले, तेव्हा कुरण रिकामं होतं, आणि वर जिथे वाडी होती तिथे लाल ओल्या मातीचा नुसता उतार होता.