मधली रेघ

"मग ही रेघ कुणाची, मॅडम?"

"उपग्रहाचीच, अण्णा! दुसऱ्या कुणाची असणार?" प्राध्यापिका अन्विता जरा तोऱ्यातच म्हणाली.

पोलिसांच्या बिनतारी खात्यात उभी हयात काढलेले आणि आज मदतीला आलेले खामकर अण्णा लॅपटॉपवर वाकले. शेजारी अंगठ्याएवढा, लॅपटॉपवरून चालणारा सॉफ्टवेअर रेडिओ होता. त्याला कॉलेजच्या गच्चीवरच्या अँटेनाची वायर जोडलेली. पकडलेला सिग्नल पडद्यावर रेघेसारखा उमटायचा. आत्ता मधोमध एक ठसठशीत रेघ.

अन्विताच्या सात विद्यार्थिनींनी तीन वर्षं खपून चिमुकला उपग्रह बनवला होता. तो आता वर फिरत होता. सिग्नल येत होता म्हणे, पण त्यातून शब्द काही फुटत नव्हता. आज साडेअकराला तो पाचगणीवरून जाणार होता. आजही काही निघालं नाही, तर संध्याकाळी अहवाल जायचा होता, की मुलींचं काम सदोष. काल त्यांना तिने तसं तोंडावर सुनावलंही होतं. दोघी तर रडतच घरी गेल्या.

"रेडिओ कुणी लावला?"

"मी स्वतः. बरोबर उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीवर. तसूभरही फरक नाही."

"अस्सं..."

अण्णांनी अँटेनाची वायर उपटली.

"अहो अण्णा! आत्ताच वर आलाय तो!"

"रेघ हाय का अजून?"

रेघ होती. तश्शीच. मधोमध.

अन्विताचा चेहरा खर्रकन उतरला.

"यंत्राचा स्वतःचा आवाज हाय त्यो," अण्णा म्हणाले. "आपण लावू तिथं मधोमध ठाण मांडून बसतो."

"आणि... उपग्रह?"

"त्याच्याच खाली दबला असंल. रेडिओ जरा बाजूच्या फ्रिक्वेन्सीला लावा की."

त्यांनी वायर पुन्हा जोडली. अन्विताने रेडिओ थोड्या बाजूच्या फ्रिक्वेन्सीला लावला. ठसठशीत रेघ त्याच्याबरोबर सरकली. तिची जागा मोकळी झाली.

मोकळीच राहिली...

मग त्या मोकळ्या जागेत केसाएवढी, तुटक, तिरकी रेघ उमटली. स्पीकरमधून बारीक आवाज आला. टी... टिटी... टी...

अण्णांनी डोळे मिटले. त्यांचं नख टेबलावर त्याच ठेक्यात वाजू लागलं.

"मोर्सच्या ठोक्यांत स्वतःचं नाव सांगतोय. एक अक्षर चुकत नाही बघा."

अन्विताला हुंदका आवरेना. एवढ्या वर्षांच्या शिकण्यात इतकं कुणी दिलं नव्हतं, असं तिला मनापासून वाटलं.

"अण्णा, तुम्ही नसता तर मी त्या मुलींचं... कसे आभार मानू तुमचे?"

ती पायांशी वाकली. अण्णांनी तिला अर्ध्यातच उठवलं आणि टेबलावरचा तिचा फोन तिच्या हातात दिला.

"माझं राहू दे, पोरी. सहा मिनिटं वर हाय त्यो अजून. त्यांना ऐकव."