दोरीच्या तीन गाठी

धाकोजी तांडेल कोटबंदरच्या दरबारात अर्ज घेऊन आला. बंदराच्या तोंडावरच्या खडकावर दिवा नव्हता, त्यामुळे दोन गलबतं फुटली होती. त्यानं तोंड उघडताच दिवाण नरहरपंतांनी नाक मुरडलं. "इथं खलाशी बोली चालायची नाही. दरबारी भाषेत बोल, नाहीतर चालू लाग."

"येत नाही, पंत. आपण बोलून दाखवा, मी शिकतो."

पंत खुलले. "ऐक. राज्याचं सुकाणू राणीसाहेबांच्या हाती आहे. प्रत्येक काम आम्ही तडीस नेतो. कारभार भरकटू देत नाही."

धाकोजीनं कमरेची दोरी सोडली आणि खलाशी मोजदाद ठेवतात तशा तीन गाठी मारल्या.

राणीसाहेबांना कुतूहल वाटलं. "या कसल्या?"

"पंतांच्या तोंडचे आमचे शब्द, सरकार. सुकाणू गलबताचं, तड म्हणजे किनारा, आणि भरकटतं तेही गलबतच. मस्कतचा वजीरही त्याच्या बोलीत असंच बोलतो. शब्द खुशाल वापरा. पण ते देणारी माणसं त्या खडकावर बुडतायत."

दिव्याचा हुकूम तिथंच सुटला. पंतांच्या शिडातली हवा गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. ते दरबारी भाषेत कसं सांगावं, हे मात्र कुणालाच सुचेना.