केराचं दावं

लई मागची गोष्ट, तुमच्या पणजोबांनाही दात यायचे होते तेव्हाची. आपल्या वाडीच्या वेशीबाहेर केरा नावाची बाई राहायची. अंबाडीच्या सालीचे धागे काढून त्या वाखाची दावी वळायची. शेळीला बारीक, गाईला जाड, मारक्या खोंडाला तिपेडी. केराचं दावं कधी तुटलं नाही, असं म्हणतात.

म्हादबा नावाचा शेतकरी दर पोळ्याला कालवडीसाठी म्हणून तिपेडी दावं न्यायचा. तीन वर्षं नेलं. चौथ्या वर्षी जुनं दावं घेऊन आला, असंच दे म्हणाला. केरानं ते हातात घेतलं. जनावराचा एक केस त्याला नव्हता. गाठीत अडकलेले केस हातभर लांब होते. माणसाचे.

केरानं विचारलं, "दादा, कालवड केवढी झाली वो तुमची?"

ती तशीच त्याच्या गोठ्यात गेली. तिथं खुंट्याला आधीच्याच एका दाव्यानं त्याची बहीण बांधलेली होती, ठकू, वीस वर्षांची. जन्मापासून समज कमी, उठून कुठंही चालायला लागायची. आई होती तोवर आई मागं फिरली. आई गेली आणि ठकू एकदा विहिरीत पडता पडता वाचली. "रानात जाऊ का हिला धरून बसू?" म्हणत म्हादबा रडला.

आता तुम्ही त्याला नावं ठेवाल. ठेवा. पण ती रोज ओरडायची, वाडीला ऐकू जात नव्हतं का? सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या केराला, आणि दावं तिच्याच हातचं. सांगताना मला आजही कसंतरी होतं.

केरा पंचांना म्हणाली, "पोरीला माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. मी दिवसभर घरीच असते."

"आमची पोर वेशीबाहेर राहील?"

"गोठ्यात चालली की तुम्हाला."

पंच नाहीच म्हणाले. मग केरा गोठ्यात खाली बसली आणि ठकूच्या कमरेच्या दाव्याचा पीळ उलटा सोडू लागली. एक पेड सुटला, दुसरा सुटला. तिसरा सुटला आणि वाडीतलं एकूण एक दावं उकललं, असं म्हणतात. नवं बांधावं तर तेही हातात वाख होऊन पडायचं. मोकळ्या गुरांनी तीन दिवस उभी पिकं तुडवली. चौथ्या दिवशी पंच स्वतः ठकूला केराच्या दारात सोडून आले.

केरा दावं वळत वळत मागं सरकायची आणि ठकू दुसरं टोक धरायची. घटकाभर एका जागी न ठरणारी पोर टोक धरून दिवस मावळेपर्यंत उभी राहायची. म्हादबा रोज भाकरी घेऊन यायचा आणि तिथंच दोघींबरोबर जेवायचा.

आजही आपल्या वाडीत जनावर सोबत नेल्याशिवाय दावं मिळत नाही. बाहेरगावचे हसतात, हसू दे त्यांना. आणि घरात एकटं ठेवता येत नाही असं माणूस असलं, तर रानात जाताना आपण त्याला शेजारी सोडतो. माझ्या आईला आता काही आठवत नाही. सकाळीच तिला सोडून आलो. म्हातारी कुठंय असं कुणी विचारलं, तर घर कुणाचंही असो, आपण एवढंच म्हणतो, केराकडं आहे.