भरल्या बोटीचा पंखा

“...मग चूक तिचीच ना, नाना?”

निशांत धनावडे विचारत होता. समोर खाशाबानाना उतेकर विडी पेटवत होते. चाळीस वर्षं धरणाच्या पाण्यावर लाँच चालवलेला माणूस. मी त्यांचा जुना खलाशी, आणि हा निशांत त्यांच्याच हाताखाली इंजिन शिकलेला. पोरगं गुणी, पण डिप्लोमा झाल्यापासून नाकानं कांदे सोलायला लागलं होतं.

“कुणाची?” नाना म्हणाले.

“मृणालची. सकाळपासून सहा वेळा ओढली. एकदाही पाण्यातून उठली नाही.”

हा खेळ आमच्याकडे तसा नवाच, चार-पाच वर्षांतला. बोटीला दोर, दोराच्या टोकाला पायात फळी बांधलेली पोरगी. बोट सुटली की तिनं उठून उभं राहायचं आणि बोटीमागच्या लाटेवरून उड्या मारायच्या. लाट दांडगी व्हावी म्हणून बोटीत मोठमोठ्या पिशव्या ठेवून त्यात पाणी भरतात. हजार किलो वजन होतं.

उद्या सकाळी राज्याच्या संघाची निवड होती. पुढच्या महिन्यात मृणाल शेलारला अठरा पूर्ण. म्हणजे लहान गटात ही तिची शेवटची खेप.

“बोटीखाली पंखा कुठला लावलास?”

“पोलादी, तीन पात्यांचा. पीळ जास्त आहे. एका फेऱ्यात बोट लांब जाते. परवा एकट्यानं पळवली, ताशी पासष्ट गाठले!”

“पिशव्या?”

“रिकाम्या होत्या. भरून वेग कसा बघणार?”

मी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. आमच्या लाँचला नवा पंखा लावला की नाना बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचे. पोती, शेळ्या, एखादं वऱ्हाड, सगळं चढलं की मग म्हणायचे, आता बघू.

“पोरीला पळवायची किती?”

“पस्तीस.”

नानांनी विडीची राख झटकली.

“चार पात्यांचा पण आहे माझ्याकडे, कमी पिळाचा. पण तो लावला तर बोटीची बैलगाडी होईल, नाना. आणि हिची सवय तशीच राहील. गुडघे लवकर सोडते ही.”

मृणाल पायरीवर दंड चोळत बसली होती.

“निशांतदादा म्हणतात तसंच असेल,” ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. मला निशांतचा असा राग आला म्हणता!

नानांनी विडी विझवली. दोराची मूठ उचलली आणि निशांतच्या हातात दिली.

“मी?”

“खेळायचास की पहिलं. चांगला खेळायचास. जा, मी चालवतो.”

“पिशव्या रिकाम्या करू?”

“भर अजून.”

निशांतनं जाकीट चढवलं, फळी बांधली, पाण्यात उतरला. हसतच उतरला. मी मागच्या बाकावर त्याच्याकडे तोंड करून बसलो.

नानांनी वेगाचा दांडा पुढे ढकलला. बोटीचं नाक वर गेलं, इंजिन कण्हायला लागलं. बोट काही उठेना. मागं निशांत पाण्यातून फरफटत होता. पाच सेकंद... दहा... पंधरा. तोंडावर पाण्याचा नुसता लोट. त्याच्या हातातून मूठ सुटली.

“गुडघे सोडू नको रं!” नाना ओरडले, आणि बोट वळवली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

चौथ्यांदा त्यानं मूठ धरलीच नाही. पाण्यात तसाच तरंगत राहिला. नानांनी इंजिन बंद केलं.

“ही सहा वेळा गेली होती,” नाना म्हणाले.

निशांत काठावर आला. खोकून खोकून डोळे लाल झालेले. मृणालसमोर उभा राहिला.

“तुझं काही चुकत नव्हतं गं,” तो म्हणाला. “मला लाज वाटते.”

तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

बोट ट्रॉलीवर घेतली. तासाभरात चार पात्यांचा पंखा बसला. नानांनी हात लावला नाही, बाजूला बसून मला गावातल्या लग्नाच्या गोष्टी सांगत राहिले.

परत पाण्यात. पिशव्या काठोकाठ भरलेल्या. मृणाल दोराच्या टोकाला, निशांत चाकावर, नाना त्याच्याशेजारी. मी मागच्या बाकावर.

“दंड दुखला तर सोडून दे!” निशांत ओरडला.

तिनं मान हलवली.

निशांतनं दांडा ढकलला. या वेळी बोट कण्हली नाही. ढुंगणावर चापट बसलेल्या रेड्यासारखी उसळली. मला बाकाची कड धरावी लागली. तीन आकडे मोजले असतील नसतील, दोराच्या टोकाची फळी पाण्यावर आली.

“अगं बाई!” माझ्याच तोंडून गेलं.

निशांतचे डोळे मात्र वेगाच्या काट्याला चिकटलेले. कपाळाला आठी.

“नाना, इंजिन एवढं ओरडतंय, आणि काटा पस्तिसावरच. वेग गेला कुठं?”

नाना समोरच्या पाण्याकडे बघत होते.

“चाक माझ्याकडं दे,” ते म्हणाले, “आणि मागं बघ.”