कुंदासाठी निवांत जागा

"मग ही सगळी पानं केव्हा गळून होतील?"

भंते खेमानंदांनी मान वर करून सागाकडे पाहिलं. झाड अजून अर्धं भरलेलं होतं.

"झाडाले विचारा लागन," ते म्हणाले.

विचारणारा हसला नाही. त्याचं नाव सुगत थूल. नागपूरला वीज खात्यात इंजिनियर होता, आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळावं अशी त्याला आयुष्यभराची सवय होती.

तेवढ्यात आणखी एक पान सुटलं. सागाचं वाळलेलं पान, ताटाएवढं. जमिनीवर पडलं ते कोणी बूट घालून पाऊल टाकावं तसं वाजलं.

सुगतने मोबाईल पुढे धरला. त्यात आवाज मोजायचं अ‍ॅप होतं. एक तबकडी, तिच्यावर एक काटा. दुसरं पान पडलं तसा काटा टुणकन उडाला.

"पाहिलंत? नाही चालणार. पेशंटला पूर्ण शांतता पाहिजे."

"बरं," भंते म्हणाले.

पेशंट म्हणजे सुगतची बायको, कुंदा. फुप्फुसांच्या आजाराने ती मरणाच्या दारात जाऊन आली होती. घरी येऊन बरेच दिवस झाले. रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर खूश झाले. कुंदा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. विचारलं तर 'हो', पुढे केलं तर 'नको'. चमच्याने भरवलं तर चार घास गिळायची, तेही समोरच्यावर उपकार केल्यासारखे.

शरीर बरं झालंय, डॉक्टर म्हणाले, पण त्यांना उठावंसं वाटलं पाहिजे. त्याची गोळी आमच्याकडे नाही.

मग एका सकाळी ती आपणहून एक अख्खं वाक्य बोलली. "मला काही दिवस झाडाखाली राहायचं आहे."

सुगतने त्याच आठवड्यात तंबू आणला, दोन घडीच्या खाटा आणल्या, मच्छरदाणी आणली, ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणलं, वाफेचं मशीन आणलं, आणि ते चालवायला एक बॅटरी आणली जी दोन माणसांनी उचलावी लागते. सगळं गाडीत कोंबून तो वडिलांच्या गावच्या विहारात येऊन उभा राहिला. विहारामागे झुडपी जंगल होतं. भंते तिथंच एका कुटीत राहायचे आणि सुगतला लहानपणापासून ओळखायचे.

"सगळ्यात शांत जागा दाखवा," तो म्हणाला होता.

आता तो सागाखालून मागे वळला. लांब, कुटीजवळच्या मोहाखाली, खुर्चीत कुंदा दिसत होती.

"कुंदा! शाल घेतली ना?"

कुंदाने हात वर केला.

"कानावरून घे! कानावरून!"

तिने शाल वर ओढली.

दोघं पुढे गेले. बोरीच्या झुडपांमध्ये छान मोकळी जागा होती. सावली होती, जमीन कोरडी होती. सुगतने खाली बसून माती हातात घेऊन पाहिली. त्याचा चेहरा जरा उजळला.

तोच सातभाई आले. हे पक्षी कधी एकटे येत नाहीत आणि कधी गुपचूप येत नाहीत. सगळं टोळकं झुडपात शिरलं आणि इस्टेटीची वाटणी चालल्यासारखा कलकलाट सुरू झाला.

सुगतने टाळ्या वाजवल्या. सातभाईंना वाटलं, आणखी एक भाऊ आला. ते दुप्पट ओरडू लागले.

"हे रोज येतात?"

"त्याईचंच हाये हे," भंते म्हणाले. "आपन आलो."

सुगतने काट्याकडे पाहून मान हलवली. मग पुन्हा मागे वळला.

"कुंदा! गोळी घेतलीस?"

हात वर झाला.

"पाण्याबरोबर घेतली ना? उन्हात ये जरा! इतकी नको… थोडी मागे! हां!"

लांबवर खुर्ची पुढे सरकली, मागे सरकली.

भंते पाहत होते.

टेकाडाच्या मागे एक बरड होती. मुरमाड, सपाट, उघडी. झाड नाही, गवत नाही, त्यामुळे पाखरूही नाही. सुगतने मोबाईल धरला. काटा खाली बसला आणि तिथंच राहिला.

"सापडली!" सुगत म्हणाला. "भंतेजी, हीच. वर हिरवी जाळी बांधली की झालं."

झाडाखाली राहू म्हणणाऱ्या बाईसाठी आपण झाड नसलेली जागा निवडली, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. शांततेच्या मागे लागला की माणूस असं काहीबाही करतो.

भंतेंनी मुरमावर चीवराची घडी टाकली आणि सरळ आडवे झाले.

"भंतेजी?"

"मी पेशंट आहो," भंते डोळे मिटून म्हणाले. "जागा कशी हाये ते पडूनच समजन. ते तुह्यं यंत्र दे माह्याजवळ."

त्यांनी मोबाईल छातीवर उभा धरला. तबकडी सुगतकडे.

"मी काय करू?"

"रोज करतं तेच कर."

सुगत शेजारी उकिडवा बसला. भंते थकलेले होते, म्हातारे होते. बरगड्या वर-खाली होत होत्या.

"…"

"खडे टोचत नाहीत ना?" सुगतने विचारलं.

भंते गप्प.

"डोक्याखाली माझं जाकीट देऊ?"

"…"

"तोंडावर ऊन येतंय तुमच्या. थोडं इकडे सरकता का? नाही नाही, इतकं नाही. पाणी आणू? गाडीत ग्लुकोजचंही आहे. पाय लांब करा, रक्त नीट फिरतं. बरं वाटतंय ना?"

भंतेंचा श्वास अगदी संथ झाला होता. इतका, की तो दिसेनासा झाला.

सुगत त्यांच्यावर वाकला.

"भंतेजी! भंतेजी, बोला न काहीतरी!"

आणि मग त्याला काटा दिसला. पार उजव्या टोकाला जाऊन थडथडत होता. सुगतचं तोंड उघडंच राहिलं. काटा हळूहळू खाली आला आणि तळाला जाऊन बसला.

"…"

बरडीवर कुठंच काही हलत नव्हतं.

सुगतला राग आला. मग लाज वाटली. मग पुन्हा राग आला.

"तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, काटा जेमतेम हलला. "दवाखान्यात ती बेशुद्ध होती. सिस्टर म्हणाली, बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल. म्हणून मी बोललो. भाजीचे भाव सांगितले. शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली ते सांगितलं. बोलायचं संपलं तेव्हा विजेच्या बिलामागे जे छापलेलं असतं ना, ते म्हणून दाखवलं. मला पाठ आहे ते. हसू नका."

भंते हसत नव्हते.

"एकदा माझा डोळा लागला. खुर्चीतच. जाग आली तेव्हा मशीन कोकलत होतं, सगळे तिच्यावर ओणवे झाले होते, मला कोणी तरी बाहेर ढकलत होतं." तो थांबला. "मी गप्प झालो होतो, भंतेजी. तेव्हाच."

"…"

"त्यानंतर मी नाही थांबलो. आणि ती आली परत. आता तुम्हीच सांगा, कसा थांबू? मी जरा गप्प बसलो की मले ते मशीन ऐकू येते."

त्याला रडू आलं. पन्नाशीचा माणूस मुरमावर उकिडवा बसून हुंदके देत होता, आणि ते रडणं पोटातून येत होतं.

भंते उठून बसले. त्यांनी सुगतच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांचे स्वतःचे डोळेही भरले होते.

मग त्यांनी मोबाईल परत दिला आणि चीवर झटकलं.

"चाल," ते म्हणाले. "तिच्याकडं जाऊ."

मोहाखाली खुर्ची होती. खुर्चीवर शाल होती. पाण्याची बाटली होती, गोळ्यांची पट्टी होती. चपलाही खुर्चीखाली नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

कुंदा नव्हती.

सुगतने शाल उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"कुंदा!"

सातभाई उडाले, लांब जाऊन बसले.

"कुंदाऽ!"

तो गाडीकडे पळाला. गाडीत नव्हती. कुटीत पाहिलं, कुटीमागे पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. विहिरीत पाहताना त्याने काठ इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. हाका मारून मारून त्याचा घसा फाटला, पण उत्तर कुठूनच आलं नाही.

"अनवाणी गेली," तो म्हणाला. "भंतेजी, ती अनवाणी गेली."

भंते विहिरीजवळच्या ओल्या मातीकडे पाहत होते. पावलं उतारावरून नाल्याकडे गेली होती. नाल्याकडे सुगत सकाळपासून फिरकलाच नव्हता. पाणी वाजतं म्हणून.

तो धावत सुटला. भंते मागून धावले. या वयात त्यांनी धावायला नको होतं, पण धावले. नाल्याच्या अलीकडे पळसाची दाट झुडपं होती. तिथं त्यांनी सुगतचं मनगट पकडलं.

"थांब."

पलीकडच्या काठावर, अर्जुनाच्या मोठ्या झाडाखाली, कुंदा दगडावर बसली होती. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. शेजारी शेळ्या चारणारी एक म्हातारी बसली होती. शेळ्या पाणी पीत होत्या, एक कुंदाच्या पदराला तोंड लावत होती. पाणी दगडांवरून खळखळत होतं, आणि त्या खळखळाटात सुगतच्या इतक्या हाका कुठल्या कुठे बुडून गेल्या होत्या.

कुंदाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तिने तो मोडला. स्वतः तोंडात घातला. चावला. मग दुसरा मोडला.

सुगत पाहतच राहिला.

"पाय पाण्यात आहेत तिचे," तो पुटपुटला.

"हाव."

"पाणी गार असेल."

"असन."

"ती भाकर… कोणाच्या हातची, कधीची…"

भंतेंनी मनगट सोडलं नाही.

कुंदा खोकली. सुगतचं सगळं अंग पुढे गेलं. भंतेंची बोटं आवळली. म्हातारीने कुंदाच्या पाठीवरून हात फिरवला, खोकला थांबला.

मग कुंदा बोलू लागली.

भाकरीचा हात हवेत फिरवत, मान हलवत, मध्येच थांबून आठवत. एक वाक्य नाही, दोन नाही. कसली तरी लांबलचक हकिकत होती. म्हातारीने मांडीवर थाप मारली आणि बोळकं उघडून हसली. कुंदा हसली. हसताना पुन्हा खोकली, आणि पुन्हा हसली.

सुगतने सुटा हात तोंडावर दाबून धरला.

"कितीक दिवसांनी बोलून राह्यली," तो त्या हाताआडून म्हणाला. "माह्याशी नाही बोलली एवढं."

त्याला आनंद झाला होता आणि लागलंही होतं. दोन्ही एकदमच. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"…"

तो पुढे वाकला. कानामागे तळवा धरला. डोळे बारीक केले. पाणी वाहत होतं, शेळ्या ओरडत होत्या, कुंदाचे ओठ हलत होते.

"भंतेजी, काय सांगून राह्यली ती? इथून एक शब्द ऐकू येत नाही."

भंतेंनी त्याचं मनगट सोडलं. पळसाखालच्या काटक्याकुटक्या पायाने बाजूला सारल्या, हातभर जागा मोकळी केली.

"मंग जागा भेटली," ते म्हणाले. "बस."