आकडा एकोणीस

घड्याळांना रोज किल्ली द्यावी लागायची, त्या काळची गोष्ट. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दामूअण्णांच्या खणात एक चिमुकला पेचकस राहायचा. त्याने कित्येक बंद घड्याळं चालती केली होती.

शेजारी अण्णांचा जुना कॅमेरा होता. शटर अडकल्यापासून त्याची वाचाच बसली होती. पेचकसाला त्याची फार दया आली. "थांब दादा, आत्ता बरं करतो!"

"आधी त्याच्या खिडकीतला आकडा बघ," खणातला म्हातारा ब्रश म्हणाला. "एकोणीस दिसतोय. आत रीळ आहे, उजेड लागता कामा नये."

"आकड्याचं मग बघू. बिचारा गुदमरतोय!" खण उघडा होता, त्यात ऊन आलं होतं; पेचकसाने त्या भर उन्हातच मागचं झाकण उघडलं आणि निसटलेली स्प्रिंग जागेवर बसवली.

खट्! शटर चाललं.

"बोल दादा, बरं वाटतंय?"

"वाटतंय. तुझे उपकार झाले," कॅमेरा हळूच म्हणाला. "एकोणीस फोटो होते, तेवढे गेले. शेवटच्यात अण्णा हसले होते. काकू गेल्यावर पहिल्यांदाच."

पेचकसाला कुठे तोंड लपवावं कळेना.

दुरुस्त्या त्याने सोडल्या नाहीत. पण पेच फिरवण्याआधी तो विचारायचा, "आत काही जपलंयस का?" आणि समोरच्याची वाचा बसलेली असली, तर ब्रशला विचारायचा.